न बोलायच्या गोष्टीचा तास

रामटेके बाई ‘लघवी’ हा शब्द ‘भूगोल’ म्हणावा तसा म्हणत. आवाज खाली जात नसे, नजर इकडेतिकडे होत नसे. मी शिकवायला लागले त्या मुलींच्या शाळेत तेव्हा, सगळ्याच शाळांत होती तशी, करंगळी वर करून परवानगी मागायची पद्धत होती. बाईंच्या वर्गात ती चालत नसे.

‘‘करंगळी काय दाखवून राहिली वं? मुकी हायेस काय? तोंडानं बोल.’’

‘‘बाई, जाऊ?’’

‘‘कुठं? कामठीले?’’

वर्ग खिदळायचा. पोरगी कानापर्यंत लाल व्हायची, शेवटी तो शब्द कसाबसा उच्चारायची आणि धूम ठोकायची. ‘‘सांगितलं तं काही झालं काय?’’ असं बाई उरलेल्या वर्गाला विचारायच्या आणि पुन्हा फळ्याकडे वळायच्या.

मी नागपूरच्या महाल भागातली. आमच्या घरी या गोष्टीला नावच नव्हतं. ‘जाऊन येते’ म्हणायचं; कुठे जाऊन येते ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंचं बोलणं माझ्या अंगावर यायचं. पुढे अशी सवय झाली की त्या रजेवर असल्या म्हणजे मधली सुट्टी अळणी लागायची.

बाई ठेंगण्या होत्या. पांढरं, निळ्या काठाचं पातळ नेसायच्या आणि चालताना समोरच्यानं बाजूला व्हायचं असतं असं गृहीत धरायच्या. दिवसभर चहा प्यायच्या. त्यांचा सगळ्यात लाडका शब्द ‘काहून’, म्हणजे ‘का’. तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गात आवाज फार आहे अशी तक्रार केली, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘काहून, पोरी मेलेल्या पाहिजेत काय?’’ साहेबांनी शेरा लिहिला नाही. त्यांचं आधीचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. छप्पन साली नवऱ्याबरोबर दीक्षा घेतली, पुढे दोन वर्षांत नवरा गेला, मुलाला, मनोहरला, एकटीनं वाढवलं. मी कधी खोदून विचारलं तर म्हणत, ‘‘झालं ते झालं सुमन, पुढचं बोल.’’

पुढचं म्हणजे त्यांचा दुपारचा वर्ग. निवृत्त झाल्यावर महिन्याभरात त्यांनी वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या बायकांसाठी वर्ग उघडला. बहुतेक बायका बिड्या वळणाऱ्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा, समोर पाटी. हात बिडीवर, डोळे फळ्यावर. हॉलभर तंबाखूचा उग्र वास असायचा आणि पहिल्या दिवशी मला शिंका आवरेनात. ‘‘या बायांनी धर्म बदलला,’’ बाई मला म्हणाल्या, ‘‘पण पुस्तकात काय लिहिलं ते अजून दुसऱ्याच्या तोंडून ऐकून राहिल्या. हे काहून चालू द्यायचं?’’ शनिवारी गणित शिकवायला त्यांनी मला बोलावलं. बोलावलं म्हणण्यापेक्षा येणार असं जाहीर केलं.

मी इतकी वर्षं शिकवलं, पण असा वर्ग पुन्हा मिळाला नाही. भागरता नावाची साठीची बाई होती. स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तिनं ती पाटी पुसूच दिली नाही. दुसऱ्या दिवशी तशीच घेऊन आली आणि लिहायला शेजारणीची पाटी मागू लागली. बाईंनी तिला रागे भरायचं नाटक केलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

हा वर्ग एका उन्हाळ्यात एकाएकी बंद पडला. ‘बाईंची प्रकृती बरी नाही’ एवढंच कळलं. मी घरी गेले तर बाई मागच्या पडवीत खाटेवर पडलेल्या. गादीवर तांबडी रबरी चादर अंथरलेली, दवाखान्यात असते तशी. मे महिना, पडवीवर पत्रे. ओठ फाटले होते, डोळे खोल गेले होते. सून शालू हळूच म्हणाली, ‘‘लू लागली. माय पाणीच पेत नव्हती.’’

‘‘का?’’

उत्तर खाटेवरून आलं.

‘‘लघवी थांबत नाही म्हणून. खोकलं की होते, हसलं की होते. कधी तं मोरीपर्यंत पोचेपर्यंत दम नाही धरत. त्या दिवशी वर्गात हसली मी भागरताच्या कशावर तरी, अन् सतरंजी भिजली. समद्यायनं पाह्यलं. मंग मी पाणी सोडलं.’’

आत गेलंच नाही तर बाहेर येणार कसं, असा हिशेब. यात बाई एकट्या नव्हत्या. मी स्वतः शाळेच्या दिवशी सकाळपासून पाण्याला तोंड लावत नसे, कारण शाळेत बायकांसाठी धड जागा नव्हती. नागपूरच्या उन्हात आम्ही सगळ्याच हे करत होतो आणि त्याला शहाणपणा समजत होतो. पुढे डॉक्टरणीनं सांगितलं, पाणी तोडलं की लघवी कडक होते आणि मूत्राशयाला अधिकच टोचते. म्हणजे उपायानंच दुखणं वाढवलं होतं.

मनोहर सरकारी कचेरीत कारकून होता. सज्जन माणूस, आईवर जीव होता, पण लोकांच्या नजरेला वाघाला भ्यावं तसा भ्यायचा. त्यानं एका मोठ्या डॉक्टरला दाखवलं. बाईंनी त्या भेटीचं वर्णन मला पुढे कितीतरी वेळा करून दाखवलं, दोन्ही आवाजांत.

‘‘डॉक्टर म्हणे, वय झालं आजी. मी म्हटलं, हो, झालं. मंग? डोळ्याचं वय झालं तं चष्मा देता, दाताचं झालं तं कवळी देता. याले काय देता ते सांगा. तो म्हणे, ऑपरेशन होऊ शकते, पण तुमच्या तब्येतीले जमेल असं वाटत नाही. घरी आराम करा. मी म्हटलं, आराम कशाचा? मी काही करूनच नाही राहिली तं आराम कशाचा?’’

मनोहरला डॉक्टरचं पटलं. घरी बसणं त्याला सोपं वाटलं. रबरी चादर त्यानंच आणली. ‘‘माय, वर्ग आता पुरे. लोक काय म्हणतील?’’ हे वाक्य माझ्यासमोर बोलला. बाई गप्प राहिल्या. मी त्यांना गप्प पाहिलेलं तेवढंच, आणि मला त्या माणसाचा मनापासून राग आला. एवढ्या वर्षांत जे कोणत्याही साहेबाला जमलं नाही ते एका रबरी चादरीनं केलं होतं. वर्ग कायमचा गेला असता तर बाई त्या खाटेवरच संपल्या असत्या, यात मला तेव्हाही शंका नव्हती.

माझ्या बहिणीच्या बाळंतपणात एक तरुण डॉक्टरीण ओळखीची झाली होती. शाळा उघडल्या त्या आठवड्यात मी बाईंना तिच्याकडे सायकलरिक्षानं नेलं. मनोहरला सांगितलं नाही. डॉक्टरणीनं नीट तपासलं, लघवीची आणि साखरेची तपासणी करून घेतली, मग समोर स्टूल ओढून बसली.

‘‘आजी, खालचे स्नायू सैल पडलेत. झोळीसारखे असतात, पिशवी तोलून धरतात. बाळंतपणं, खोकला, वय, सगळ्यानं ती झोळी ढिली होते. पण स्नायूच आहेत ते. कामाला लावले की घट्ट होतात.’’

‘‘काम करून दाखव,’’ बाई म्हणाल्या.

‘‘दाखवता येत नाही. आतल्या आत आवळायचे, धरायचे, सोडायचे. पोट आवळायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. बसून करा, निजून करा, भाजी चिरताना करा. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा.’’

‘‘अन् पळत सुटावं लागते ते?’’

‘‘पळायचं नाही. कळ आली की जागच्या जागी थांबायचं, आवळायचं, मन दुसरीकडे न्यायचं. कळ ओसरते. ओसरली की मग चालत जायचं. आधी थोड्या थोड्या वेळानं जा, मग ती वेळ हळूहळू लांबवत न्या. पाणी भरपूर प्या, दिवसभर वाटून. आणि चहा कमी.’’

इथवर बाई खूश होत्या. चहाचं ऐकून म्हणाल्या, ‘‘हे तुमच्या पुस्तकात हाये की सुमननं सांगितलं?’’

‘‘किती दिवसांत बरं वाटेल?’’ मी विचारलं.

‘‘दिवसांत नाही. महिने लागतील. कंटाळून सोडतात बहुतेक जणी.’’

‘‘मी पोरींले भागाकार शिकवला हाये,’’ बाई उठत म्हणाल्या. ‘‘मले महिन्यांचं भेव नको दाखवू.’’

त्या दिवसापासून बाईंनी आपल्या मूत्राशयाला वर्गात बसवलं. घरामागेच पालिकेची मुलांची शाळा होती, तिची घंटा पडवीत ऐकू यायची. घंटा झाली की जायचं, त्याआधी नाही. आधी प्रत्येक तासाला, मग एक तास सोडून. ‘‘लाडावलेलं पोट्टं हाये हे,’’ त्या पोटावर हात ठेवून मला सांगत. ‘‘रडलं की सोडलं, रडलं की सोडलं, मी त्याले तेच शिकवलं. आता ऐकून राहिलं थोडं थोडं.’’

मन दुसरीकडे न्यायला त्यांनी निवडली अडीचकी. शालू सांगायची, स्वयंपाक करता करता मागं वळून पाहावं तर माय दाराच्या चौकटीत खांबासारखी उभी. डोळे मिटलेले, तोंडानं चालू: ‘‘एक अडीचकी अडीच, दोन अडीचकी पाच, तीन अडीचकी साडेसात...’’ पुढे कुठे तरी कळ ओसरायची आणि माय राणीसारखी मोरीकडे चालत जायची. कधी अडीचकी हरायची. मग बाई पातळ बदलून यायच्या, कुणाकडे बघायच्या नाहीत, आणि पुन्हा तांब्याभर पाणी प्यायच्या. एकदा अशाच वेळी मी तिथे होते. मला वाटलं त्या रडतील. त्या पाणी पिता पिता म्हणाल्या, ‘‘नापास झालेल्या पोरीले शाळेतून काढतात काय? नाही न. मंग.’’

पावसाळा गेला, दिवाळीचे दिवस आले. एके दुपारी गेले तर रबरी चादर अंगणात कोळशाच्या ढिगावर पांघरलेली, चारी कोपऱ्यांवर विटा. मी हसले. बाईही हसल्या, मोठ्यानं, हात कमरेवर ठेवून. हसून झाल्यावर क्षणभर थांबल्या, आपला अंदाज घेतला आणि म्हणाल्या, ‘‘कोरडी हाये. उद्यापासून वर्ग.’’

वर्ग सुरू झाला तो अडचणीनंच. बायका आल्या, पाट्या काढल्या, पण कुणी बाईंच्या डोळ्यांत बघेना. सतरंजीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच ठाऊक नव्हती. बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर एक पिशवी काढली. खाली तिचं तोंड, तोंडाखाली झोळी.

‘‘ही लघवीची पिशवी. माझी ढिली झाली होती, तुमी पाह्यलंच. आता ती कशी आवळली ते सांगते. ज्यायले गरज नसंल त्यायनं पाढे लिहा.’’

पदर तोंडावर गेले. कुणी खुदखुदलं, कुणी ‘वो बाई’ म्हणालं. पाढे मात्र कुणीच लिहीना. बाईंनी सगळं सांगितलं, पाण्यापासून चहापर्यंत. ‘‘बिड्या वळता वळता करा. आवळा, धरा, सोडा. कोणाच्या बापाले दिसत नाही.’’ मग सुपातले हात थांबलेले, बायका गंभीर चेहऱ्यानं समोर बघत बसलेल्या. मी गणित शिकवायला गेले होते आणि मीही बघत बसले समोर, सगळ्यांसारखीच.

पहिली बोलली ती भागरता. ‘‘मले तिसऱ्या लेकरापासून हाये. माहेर चांद्याच्या वाटेवर. एसटीत तीन तास बसावं लागते. भाऊ मेला तरी मी गेली नाही. लोक म्हणे, भावाच्या मातीले नाही आली, दगड हाये. मी काय सांगू त्यायले?’’

मग एकेक जण बोलू लागली. कुणी लग्नाला जात नव्हती, कुणी लेकीकडे राहत नव्हती. कुणी वर्षानुवर्षं पोतेऱ्याच्या चिंध्या कमरेला बांधून बिड्या कारखान्यात पोचवत होती. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं कोणत्या शब्दात? त्या दिवशी ना पाढे झाले ना वाचन.

दोन दिवसांत विहाराच्या समितीचे अध्यक्ष आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. फळ्यावर पिशवी होतीच.

‘‘बाई, हे विहार आहे. इथं हे असलं?’’

‘‘असलं म्हणजे कसलं?’’

‘‘तुम्हाला कळतंय मी काय म्हणतो ते.’’

‘‘नाही कळत. बोला न तोंडानं.’’

अध्यक्षांना बोलता येईना. मला त्यांची जवळजवळ दया आली. शेवटी ते म्हणाले, चित्र पुसा नाहीतर हॉलची किल्ली द्या. बाईंनी कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. ‘‘चित्र नाही पुसत. तुमची माय चार वर्षं झाली वंदनेले आली नाही. काहून ते तिले विचारून पाहा एकदा.’’

अध्यक्ष किल्ली घेऊन गेले. हॉल मात्र गेला तो गेलाच. बाई पायरीवर बसून राहिल्या. फळा त्यांचा स्वतःचा होता, पण न्यायचा कुठे? घर मनोहरचं, आणि वर्गाबद्दल मनोहरचं मत सगळ्यांना माहीत होतं.

मनोहर संध्याकाळी कचेरीतून परस्पर तिथे आला. वस्तीत बातमी पोचायला वेळ लागत नाही. सायकल स्टँडवर लावली, आईकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. फळा बाहेर काढून कॅरिअरवर आडवा ठेवला आणि सुतळीनं बांधू लागला. पिशवीचं चित्र वरच्या बाजूला, सगळ्या रस्त्याला दिसेल असं.

‘‘पुसू काय रे?’’ बाईंनी विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाकडे मागितलेली ही पहिली परवानगी असावी.

‘‘राहू दे न माय,’’ तो म्हणाला. ‘‘तुलेच पुन्हा काढा लागंल.’’

भर वस्तीतून तो सायकल हातानं ढकलत निघाला. ओट्यांवरच्या लोकांनी पाहिलं. त्याची मान शरमेनं लाल झालेली मला मागून दिसत होती, पण तो गल्लीनं न जाता मोठ्या रस्त्यानं गेला. त्याच्यावरचा माझा सगळा राग त्या रस्त्यावर उतरला. दुसऱ्या दिवसापासून वर्ग त्याच्या अंगणात भरू लागला आणि पुढे कितीतरी वर्षं भरत राहिला. बाई पुरत्या बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. सर्दी-खोकला झाला की त्या कापडाची घडी घेऊनच बाहेर पडत. मात्र घरी बसल्या नाहीत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते चांद्याच्या एसटीत. मी वरोऱ्याला बहिणीकडे निघाले होते. गाडीत चढले तर पुढच्या बाकावर बाई आणि खिडकीशी भागरता, नवं लुगडं नेसलेली. मेलेल्या भावाच्या नातीचं लग्न होतं. एकटीचा धीर होईना, म्हणून बाई सोबत निघाल्या होत्या.

अर्ध्या वाटेवर भागरतानं बाईंच्या कानाशी काही सांगितलं. तिचा चेहरा उतरला होता, हातांनी पुढची दांडी घट्ट धरली होती. बाई उठून उभ्या राहिल्या.

‘‘गाडी थांबव गा. मले लघवीले जायचं हाये.’’

पूर्ण एसटीनं ऐकलं. मागं कुणी तरी हसलं. कंडक्टर वरमून म्हणाला, ‘‘आजी, स्टँड येतेच आता अर्ध्या घंट्यात. एका माणसासाठी मधीच गाडी थांबत नसते.’’

‘‘एका माणसासाठी नाही थांबत?’’ बाई गाडीकडे वळल्या. ‘‘कोणाकोणाले जायचं हाये? बोला. आवाजात बोला.’’

 बायका मांडीवरच्या बोचक्यांकडे बघत होत्या. मग खिडकीजवळून बारीक आवाज आला, ‘‘मले.’’ भागरता उभी राहिली होती. तिच्या मागून लेकरू घेतलेली एक बाई उठली. मग नऊवारीतली एक म्हातारी, मग कॉलेजात जाणारी वाटावी अशी एक मुलगी, मग मी. कंडक्टरनं मोजायचा नाद सोडला आणि दोरी ओढली.

रस्त्याच्या कडेला तुरीचं शेत उभं होतं, चांगलं डोक्याएवढं. आम्ही बांध उतरून आत गेलो. मी परत आले तेव्हा बाई रस्त्यावर होत्या. शेताकडे पाठ, गाडीकडे तोंड, काळी छत्री उघडून दोन्ही हातांत आडवी धरलेली. खिडक्यांतून डोकावणाऱ्या पुरुषांकडे त्या अशा बघत होत्या की एकेक डोकं आपोआप आत जात होतं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. बाई हलल्या नाहीत. शेवटची म्हातारी काठी टेकत बांधावर चढेपर्यंत त्यांनी छत्री खाली घेतली नाही.

भागरता त्यांच्याजवळून गेली, त्यांच्या दंडाला हात लावला आणि गाडीत चढली.

‘‘बाई, आता तुम्ही जाऊन या,’’ मी म्हटलं. ‘‘मी धरते छत्री.’’

बाईंनी छत्री मिटली आणि पायरीवर पाय ठेवला.

‘‘मले कुठं लागली होती वं,’’ त्या म्हणाल्या.